दोन तासांचा होम प्रोग्रॅम आणि घरातली बाकीची माणसं

प्रश्न थोडक्यात असा. घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्या एका आईने लिहिलंय. मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझमचं निदान गेल्या वर्षी झालं. मुलगी आठ वर्षांची. घरात सासूबाई आहेत. नवरा सकाळी महापेला जातो तो रात्री आठ वाजता उगवतो. आठवड्यातून तीन दिवस मुलुंडला थेरपी. सेंटरने दोन पानी होम प्रोग्रॅम दिलाय आणि रोज संध्याकाळी दोन तास टेबलावर बसवून तो करून घ्यायला सांगितलंय. मुलगा रडतो, पेन्सिली फेकतो, "पुढील स्टेशन ठाणे, पुढील स्टेशन ठाणे" सुरू करतो. मग बहीण येऊन त्याची हनुवटी धरते आणि "लुक ॲट मी" म्हणून दटावते. सासूबाई स्वयंपाकघरातून "पुरे करा आता" म्हणतात. सेंटरचं म्हणणं, घरात फक्त इंग्रजी बोला आणि ती स्टेशनची बडबड थांबवा. आई बँकेत आहे, सध्या बिनपगारी रजेवर. तिचा प्रश्न: नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करू का? आणि जाता जाता, त्याचे केस कसे कापायचे?

नोकरी सोडू नका. निदान या दोन पानांपायी तरी नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मुलांबरोबर काम करते. ठाणे, कळवा, ऐरोली या पट्ट्यातल्या मुलांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुमचं पत्र वाचताना मुलाच्या रडण्याची मला एवढी काळजी वाटली नाही. मुलीच्या "लुक ॲट मी"ची वाटली. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, आधी त्या कागदाचं बघू.

होम प्रोग्रॅम देतात त्यामागचं कारण खरं आहे. ऑटिस्टिक मुलाला एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी वापरणं जड जातं. सेंटरमध्ये निळी रिंग निळ्या खुंटीत बरोबर घालणारा मुलगा घरी "तुझा निळा मग आण" म्हटलं की गोंधळून उभा राहतो. म्हणून घरीही सराव हवा, इथपर्यंत ठीक. पण घरी तेच टेबल, तीच रिंग, तीच खुंटी मांडली तर तो घरात वापरायला कसा शिकणार? तो दोन सेंटरांत रिंग घालायला शिकेल. निळा मग मगाच्याच जागी राहील.

तुम्ही त्या दोन पानांचा फोटो पाठवलाय, म्हणून ओळीवरून सांगते. "पिन्सर ग्रिप, पेग बोर्ड, वीस मिनिटं." म्हणजे खुंट्यांच्या फळीवर चिमटीच्या पकडीचा सराव. सासूबाई संध्याकाळी भाजी निवडतात का? थंडीत मटार असतातच, एरवी लसूण आहे. मटाराची शेंग उघडायला अंगठा आणि तर्जनी जशी लागते तशी कुठल्याही पेग बोर्डाला लागत नाही. शिवाय दाणे निघतात, ते वाटीत टणटण पडतात, एखादा तोंडातही जातो. काम कशासाठी चाललंय हे त्याला न सांगता कळतं. सुरुवातीला शेंग तुम्ही अर्धी उघडून द्या, शेवटचा भाग त्याला करू द्या. चार शेंगा झाल्या आणि तो उठला तर उठू द्या. लसणाच्या पाकळ्या आधी थोड्या भिजवा, साल सुटायला सोपी जाते. हाताला वास लागलेला त्याला चालत नसेल तर लसूण सोडून द्या. त्यावरून भांडण नको.

"हेवी वर्क, वेटेड बॉल." म्हणजे जोर लागणारी कामं आणि वजनदार चेंडू. स्नायूंना आणि सांध्यांना दाब मिळाला की बरीचशी मुलं शांत होतात, हे आम्ही रोज बघतो. कशाने किती फायदा होतो यावर संशोधकांचं एकमत नाही, त्यामुळे मी झोपाळ्याला आणि चेंडूला जादू म्हणणार नाही. पण वजन उचलण्याने तुमचा मुलगा निवतो असं तुम्हीच लिहिलंय, तर वजन घरात भरपूर आहे. कांदे-बटाट्यांची पिशवी लिफ्टपासून दारापर्यंत ओढत न्यायची. ओल्या कपड्यांची बादली गॅलरीपर्यंत ढकलायची. उशा एका खोलीतून दुसरीत न्यायच्या. आजीचा छोटा खलबत्ता असेल तर दाण्याचं कूट करायला द्या. आवाज तो स्वतः करतोय म्हणून चालतो. तोच आवाज मिक्सरचा असला की कानांवर हात जातील.

"मॅचिंग" म्हणजे मोज्यांच्या जोड्या लावणं आणि धुतलेले चमचे चमच्यांच्या कप्प्यात टाकणं. "वन-स्टेप कमांड" म्हणजे बेल वाजल्यावर "दार उघड". आणि "वेटिंग" शिकवायला पोळीसारखं दुसरं काही नाही. तव्यावरची पोळी फुगेपर्यंत थांबावं लागतं, लवकर मागून ती मिळत नाही. थांबणं किती हे डोळ्यांना दिसतं आणि संपतंही लगेच. टायमर लावून "वेट, वेट" म्हणण्यात यातलं काहीच नाही. एक गोळा त्याने थापायचा, एक ताईने. टर्न टेकिंगची ओळही त्यातच उरकते.

पण एक धोका आहे. उत्साही आया हे वाचतात आणि मटारालाच सेशन करून टाकतात: दर शेंगेला "व्हेरी गुड", दर दाण्याला टाळी, वहीत नोंद. तसं करू नका. काम खरं असू द्या, त्याने सोललेले मटार खरंच भाजीत पडू द्या, आणि गप्पा आजीच्या नेहमीच्या चालू द्या. त्या "पुरे करा आता" म्हणतात ना, त्यांना त्याच्या शेजारी बसवा. टेबलाबद्दल त्यांचा अंदाज तुमच्या सेंटरपेक्षा बरोबर आहे, असं माझं मत.

आता वेळेबद्दल. कासारवडवलीहून मुलुंडला घोडबंदर रोडच्या गर्दीत जायला-यायला किती वेळ जातो हे मी तुम्हाला सांगायला नको. हॉर्न, रिक्षाचे धक्के, खोदलेला रस्ता, हे सगळं त्या मुलाच्या अंगावर येतं. पाऊण तासाच्या सेशनसाठी दोन तास असे गेले तर त्या दिवशी त्याच्याकडे शिकायला काही शिल्लक नसतं. थोडं कमी नाव असलेलं पण जवळचं सेंटर मिळत असेल तर मी तेच घेईन. आणि थेरपीच्या तीन दिवशी घरी काहीही करून घेऊ नका. पंख्याकडे बघत पडला तर पडू द्या, गाडीचं चाक फिरवत बसला तर बसू द्या. मोठी माणसं ऑफिसातून आल्यावर मोबाइल घेऊन आडवी होतातच की.

बाकीच्या दिवसांचा एक ठरलेला क्रम लावा आणि तो चित्रांत लावा. इंटरनेटवरची कार्टून नकोत, त्याच्याच वस्तूंचे फोटो काढा: त्याचं ताट, त्याची चप्पल, तुमच्या इमारतीची लिफ्ट, आजी. पट्टी फ्रिजवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा आणि झालेला फोटो काढून खालच्या डब्यात टाकायला त्याला सांगा. एक कार्ड "आज वेगळं" म्हणून ठेवा. पाणी बंद असेल, लिफ्ट बंद असेल, तर सकाळीच ते कार्ड लागलं पाहिजे. बदल झाला म्हणून ही मुलं जितकी कोसळतात त्याहून जास्त तो अचानक कळला म्हणून कोसळतात. आणि कोसळलाच, तर त्या वेळी बोलणं कमी करा. समजावणं, विचारणं, दम देणं, सगळं बंद. दिवा मंद, माणसं दूर, तुम्ही जवळ जमिनीवर. शिकवायची वेळ ती नव्हे.

भाषेचं. घरात फक्त इंग्रजी बोला हा सल्ला अजूनही दिला जातो याचं मला वाईट वाटतं. दोन भाषा कानांवर पडल्याने ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण अभ्यास बाजूला ठेवा, तुमच्याच घरात काय झालं ते बघा. फक्त इंग्रजी म्हटल्यावर आजी गप्प झाल्या. म्हणजे दिवसभर त्याच्याशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूस गेलं. तुमचं इंग्रजी उत्तम असेल, पण घरात त्या इंग्रजीचं काय होतं? "सिट." "कम." "गिव्ह." "नो." "गुड जॉब." हुकूम आणि शाबासकी, एवढंच. "अगं बाई, दूध उतू गेलं बघ" हे कुणी इंग्रजीत म्हणत नाही. लाडाने ओरडणं, शेजारणीची गोष्ट सांगणं, त्याच्या नावाची चार रूपं करणं, हे सगळं मराठीत होतं, आणि मूल भाषा शिकतं ते त्यातून. सेंटर इंग्रजीत बोलेल, शाळा इंग्रजीत बोलेल, वॉचमन हिंदीत बोलेल. त्याला सगळ्याची सवय होते. तुम्ही मराठीत बोला, फक्त वाक्य छोटं ठेवा आणि बोलल्यावर थांबा. मनात पाचापर्यंत मोजेपर्यंत थांबा. बहुतेक घरांत मूल उत्तर द्यायला तोंड उघडतं तेव्हा आईचा तिसरा प्रश्न सुरू असतो.

दिवेलागणीला आजी दिव्यापुढे बसतात असं तुम्ही लिहिलंय. तेच शब्द, तीच चाल, तीच जागा, तीच वेळ. त्याच्यासाठी याहून सोयीचा पाठ मी आखून देऊ शकणार नाही. हात जोडायला लावू नका. म्हणताना शेवटचा शब्द गाळून थांबायला आजींना सांगा. आज नाही, पण काही आठवड्यांत तो शब्द तो भरेल.

आणि "पुढील स्टेशन ठाणे". याला बडबड म्हणू नका, थांबवू तर मुळीच नका. तुम्ही लिहिलंय की रविवारी बाबा त्याला लोकलने ऐरोलीला आत्याकडे नेतात, तिथे खूप माणसं असतात आणि परत येताना तो खुशीत असतो. परतीला ठाण्याच्या आधीचं दिघा गाव स्टेशन गेलं की गाडीत ती घोषणा होते. म्हणजे त्याच्या लेखी ते वाक्य "संपलं, आता घरी" असं आहे. आणि ते तो म्हणतो कधी? टेबलावर बसवल्यावर. मला तरी तो स्पष्टच बोलतोय असं वाटतं. माझा अंदाज चुकू शकतो, तर पडताळून बघा: लग्नात, दुकानात, दवाखान्यातही तेच म्हणतो का?

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमची पहिली गाजलेली मांडणी केली. त्या अकरांतला एक मुलगा भलत्याच वेळी "कुत्र्याला बाल्कनीतून फेकू नकोस" असं म्हणायचा. डॉक्टरांना त्याचा अर्थ लागत नव्हता, आईने तो सांगितला: पूर्वी तो खेळण्यातलं कुत्रं बाल्कनीतून खाली टाकायचा तेव्हा ती हेच म्हणायची. पुढे काही फेकायची ऊर्मी आली की तो स्वतःला तेच वाक्य ऐकवायचा. तर अशा वाक्यांची किल्ली घरात असते, सेंटरच्या फाइलमध्ये नसते. तुमचा मुलगा "पुढील स्टेशन ठाणे" म्हणाला की तुम्ही त्याच्या वतीने म्हणा, "झालं. उठू या." आणि खरंच उठू द्या. दरवेळी नाही जमणार, पण पुष्कळदा जमवा. बोललं की काम होतं, हे त्याला एकदा पटलं की पुढचे शब्द येण्याची वाट खुली होते. अशी वाक्यं आधी अख्खी उचलून मग त्यांचे तुकडे करत भाषेकडे येणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत.

सासूबाई म्हणतात की तू कामावर जायचीस म्हणून हे झालं, असंही पत्रात एका ओळीत आहे. त्या ओळीवर तुम्ही फार थांबला नाहीत, मी थांबते. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो हे मत एके काळी अमेरिकेतल्या नामांकित डॉक्टरांनीच पसरवलं होतं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी ते खोडून काढलं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील. आज आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे पक्कं आहे. नोकरीने, पाळणाघराने, मोबाइलने ऑटिझम होत नाही. लशीनेही नाही, तो दावा करणारा १९९८ मधला लेख संबंधित नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, तुमच्या नवऱ्याने सांगावं. आईला मुलगा सांगतो तेव्हा तो वाद होत नाही, सुनेने सांगितलं की होतो. रविवारची लोकल त्यांनी सांभाळलीच आहे, तर हेही त्यांच्याकडेच द्या.

आता मुलगी. ती भावाची हनुवटी धरते कारण घरात आईचं लक्ष कुठे जातं हे तिला दिसतं. तिथे शिरायचं तर मदतनीस होऊन शिरावं लागतं, एवढं तिला कळलंय. आठ वर्षांच्या मुलीचा हिशोब चोख आहे, पण तो तिला करावा लागू नये. तिला सांगा की भावाला शिकवणं हे तिचं काम नाही. खेळणं हे आहे, आणि तेही तिला वाटलं तरच. (डोळ्यांत बघायला लावणं तसंही सोडून द्या. अनेक ऑटिस्टिक माणसांनी मोठेपणी लिहून ठेवलंय की डोळ्यांत बघायचं तर ऐकणं सुटतं. तो कान देतोय ना, बास.)

तिला ऑटिझम हा शब्द सांगितलाय का? पत्रात दिसला नाही. सांगा, साध्या भाषेत: त्याला आवाज फार मोठे वाटतात, बोलायला वेळ लागतो, त्याला हे मुद्दाम करायचं नसतं, आणि तुझ्यामुळे हे झालेलं नाही. शेवटचं वाक्य गाळू नका. या वयाच्या बहिणी मनात काय काय धरून बसतात ते विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. तिच्या वह्या, तिचे रंग कुलूप लागणाऱ्या कपाटात हवेत. त्याने तिचं चित्र फाडलं तर "तो लहान आहे, त्याला कळत नाही" म्हणून मिटवू नका. तिचं नुकसान झालंय, तिला चिडायचा हक्क आहे. आठवड्यातून एकदा तुम्ही दोघीच बाहेर पडा: उपवन, तलावपाळी, नुसता डोसा खाऊन या. त्या वेळात भावाचं नाव निघालं तर तिने काढावं, तुम्ही नाही. आणि "आमच्यानंतर तूच आहेस त्याला" हे वाक्य घरात कुणीही, अगदी कौतुकाने पाहुण्यांपुढेही, उच्चारायचं नाही.

खाण्याचं तुम्ही दोन ओळींत विचारलंय, मीही तेवढंच सांगते. तो दहीभात, पार्ले-जी आणि एका विशिष्ट दुकानाचे वेफर्स एवढंच खातो. त्याच्या दहीभातात पालक लपवू नका. सापडला तर दहीभातावरचा विश्वासही जाईल आणि तीनाचे दोन पदार्थ राहतील. नवा पदार्थ वेगळ्या वाटीत, ताटाजवळ, खाण्याची सक्ती न करता. लोह आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी बालरोगतज्ज्ञांकडून करून घ्या. गहू-दूध बंद करण्याच्या सल्ल्याला मात्र नकार द्या, जे थोडं खातो त्यातलंच काढून घ्यायचं काही कारण नाही. कुणी स्टेम सेलचं (मूळ पेशी टोचण्याचं) पॅकेज सुचवलं तर पैसे वाचवा. ऑटिझमसाठी त्या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता व वैद्यकीय नोंदणी मंडळाने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय.

कागदपत्रं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आयसा ही ४० मुद्द्यांची भारतीय चाचणी होते. प्रमाणपत्र म्हणजे शिक्का, असं सासूबाई म्हणतील. पण नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्यकवच मिळतं आणि थेरपीचा काही खर्च त्यात बसतो. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क त्याच कायद्यात आहे. खाजगी सेंटरचा खर्च झेपेना तर सरकारी दारंही ठोठावा: खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, ठाणे महापालिकेची विशेष मुलांसाठीची जिद्द शाळा आहे. प्रवेशाचे नियम आधी फोन करून विचारा, मुलाला घेऊन थेट जाऊ नका.

सेंटरशी भांडू नका. पुढच्या भेटीत दोन पानं परत द्या आणि म्हणा, "टेबल जमत नाही. आमच्या घरात रोज होणाऱ्या तीन गोष्टी सांगते, त्यात काय शिकवायचं ते तुम्ही सांगा." चांगला थेरपिस्ट खूश होईल. वैतागला, तर जवळचं सेंटर शोधायला आणखी एक कारण मिळेल. मग रजा संपवून कामावर जा. बँकेतला पगार आणि चार मोठ्या माणसांशी होणारं बोलणं, दोन्हीची या घराला गरज आहे.

राहिले केस. सलूनमध्ये सध्या नेऊ नका. मशीनचा आवाज, मानेवर फवारा, अनोळखी हात आणि आरसा, सगळं एकदम येतं. घरी, आंघोळीच्या आधी, उघड्या अंगाने बसवा, म्हणजे कॉलरमध्ये केस टोचणार नाहीत. कात्री वापरा, मशीन नको. आधी डोक्यावर तळव्याने घट्ट दाब द्या, हलका स्पर्श या मुलांना जास्त बोचतो. चित्रांच्या पट्टीवर कात्री, मग बादली, मग वेफर्स असे तीन फोटो लावा. एका दिवशी एक बाजू कापा. दोन दिवस तो अर्धवट कापलेल्या केसांनी शाळेत गेला तर बाईंना आधी सांगून ठेवा.